सोळा शेगड्या, एक नळी

"मॅडम, बोर्ड आम्ही चांगलाच टाकतो, त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका!" नवा कॉम्प्युटर जुळवून घ्यायला दुकानात गेलात, की हे वाक्य हमखास कानावर पडतं. प्रोसेसर कुठला, रॅम किती, स्क्रीन केवढा, यावर दुकानदार अर्धा तास बोलेल. कोटेशनच्या कागदावर मात्र मदरबोर्डपुढे एका कंपनीचं नाव आणि चार अक्षरं. कधी कधी तेवढंही नाही. आणि गंमत अशी, की त्या एका ओळीवरच बाकीचा सगळा कागद उभा असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, मैत्रिणींनो, की ही ओळ दुकानदारावर सोडू नका. भावावर, नवऱ्यावर, कॉलेजात जाणाऱ्या भाच्यावरही सोडू नका. ज्यांचं पोट त्या यंत्रावर आहे, त्यांनी तर मुळीच नको.

हे कुणासाठी लिहिते आहे, तेही सांगते. घरचे हिशेब, मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, ऑनलाइन मीटिंग एवढंच काम असेल, तर सहा-आठ कोअरचा साधा प्रोसेसर पुरून उरतो आणि त्याला कुठलाही बरा बोर्ड चालतो. पण आज कितीतरी जणी घराच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून लग्नाच्या फिल्म एडिट करतात, अ‍ॅनिमेशन करतात, घरांची थ्रीडी चित्रं काढतात. मीही त्यातलीच. गिऱ्हाइकाचं अजून न बांधलेलं स्वयंपाकघर त्याला फोटोसारखं दाखवायचं, हा माझा धंदा. त्या चित्राचं गणित कॉम्प्युटर तासन् तास करत बसतो, त्याला रेंडरिंग म्हणतात. रात्री जेवणं आटोपली की काम लावायचं आणि सकाळी दूध तापवता तापवता बघायचं, झालं का!

अशा कामाला जास्त कोअरचा प्रोसेसर खरोखर उपयोगी पडतो, कारण काम तेवढ्या जणांत वाटता येतं. २०१७ साली एएमडीचे पहिले रायझन आले, तेव्हा घरगुती मशिनमध्ये आठ कोअर म्हणजे चैन होती. २०१९ मध्ये त्याच कंपनीनं सोळा कोअर आणले. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला रायझन ९ ९९५०एक्स सोळा कोअरचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के चोवीस कोअरचा, त्यातले आठ दमदार आणि सोळा काटकसरी. हे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. ते पेलणार कोण, हे कुणी छापत नाही.

मदरबोर्डाची कामं दोन. सगळ्या भागांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आणि प्रोसेसरला हवी तशी वीज पुरवायची. पहिल्याबद्दल सगळे बोलतात, दुसऱ्याबद्दल कुणी नाही. सोळा कोअर म्हणजे सोळा शेगड्या समजा. शेगड्या कितीही भारी आणल्या आणि सिलिंडरपासून नळी बारीक टाकली, तर सगळ्या एकदम पेटवल्यावर ज्योत बसणारच. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून येते १२ व्होल्टची वीज, आणि प्रोसेसरला लागते साधारण सव्वा व्होल्टची. ती उतरवून देण्याचं काम बोर्डावर प्रोसेसरच्या भोवती रांगेनं बसवलेले छोटे छोटे भाग करतात. त्या सगळ्यांना मिळून व्हीआरएम म्हणतात. व्होल्ट जितके कमी, अँपिअर तितके जास्त. ९९५०एक्स पूर्ण जोरात चालताना २३० वॅटपर्यंत जाऊ शकतो. सव्वा व्होल्टनं भागून बघा, आकडा दीडशे अँपिअरच्या पुढे जातो. आपल्या गिझरला १६ अँपिअरचा प्लग लागतो! इंटेलच्या त्या चोवीस कोअरवाल्याची मर्यादा तर २५० वॅट आहे.

एवढी वीज पाच मिनिटं पुरवणं वेगळं आणि रात्रभर पुरवणं वेगळं. गेम खेळणाऱ्या मुलाच्या मशिनमध्ये सगळ्या शेगड्या एकदम क्वचितच पेटतात. रेंडरिंगमध्ये त्या सगळ्या सहा-सहा तास भडकलेल्या असतात. अगदी स्वस्त बोर्डावर हे वीज उतरवणारे भाग मोजके असतात आणि त्यांच्यावर उष्णता खेचणारा धातूचा ठोकळाही नसतो. ते तापले, की बोर्ड स्वत:ला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. मशिन बंद पडत नाही, एरर येत नाही. काम फक्त रेंगाळतं. म्हणून तर दुखणं सापडत नाही.

माझ्या एका मैत्रिणीनं असे कित्येक महिने काढले. ती लग्नाच्या फिल्म करते. सोळा कोअरचा प्रोसेसर आणि खाली दुकानातला सगळ्यात स्वस्त बोर्ड. पहिली दहा मिनिटं झकास, मग गोगलगाय. दुकानदार म्हणाला, तुमचं सॉफ्टवेअर जड आहे. घरचे म्हणाले, तूच एका वेळी फार काही उघडून ठेवतेस. शेवटी सर्व्हिसिंगला आलेल्या एका मुलीनं तापमानं बघितली. प्रोसेसर निवांत होता, बोर्डावरचे ते छोटे भाग मात्र पोळत होते. तोवर दोन घरच्या फिल्म उशिरा गेल्या होत्या आणि त्यांच्या ओळखीतून येणारी पुढची कामंही गेली. पैशाचं सोडा. एवढे महिने दोष तिच्या कामाच्या पद्धतीला दिला जात होता आणि ती ऐकून घेत होती, हे मला जास्त लागलं.

म्हणून दुकानात पाच प्रश्न विचारा. कागदावर लिहून न्या, त्यात लाज कसली?

पहिला, सॉकेट कुठलं? एका कंपनीच्या मिक्सरवर दुसऱ्या कंपनीचं भांडं बसत नाही, तसंच हे. रायझन ९००० ला एएम५ लागतं, इंटेलच्या त्या अल्ट्राला एलजीए १८५१. एएम५ आलं २०२२ मध्ये. त्यावर ७००० आणि ९००० या दोन्ही मालिका बसतात आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही हे सॉकेट चालवू, असं एएमडीनं जाहीर केलं आहे. इंटेलचं आधीचं एलजीए १७०० हे २०२१ ते २०२३ मध्ये आलेल्या तीन पिढ्यांना चाललं आणि २०२४ मध्ये नवं आलं. चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून भागणार, की बोर्डही बदलावा लागणार, याचा विचार आजच करायचा.

दुसरा, सगळे कोअर तासन् तास चालवले तर हा बोर्ड टिकेल का? कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर आहे, एवढं उत्तर पुरेसं नाही. यादीचा अर्थ मशिन सुरू होईल इतकाच. त्याच बोर्डाची, जड कामाची, तटस्थ माणसानं केलेली चाचणी शोधा. आणि नावातल्या अक्षरांना भुलू नका. एक्स ८७०ई म्हणजे भारी आणि बी ६५० किंवा बी ८५० म्हणजे हलका, असं सरसकट नसतं. ही अक्षरं मुख्यत: जोडण्या किती आणि कसल्या मिळतील, ते सांगतात. वीज किती पेलेल, ते सांगत नाहीत. चांगला बांधलेला बी बोर्ड सोळा कोअर आरामात सांभाळतो. ए ६२० सारखे सगळ्यात खालचे बोर्ड मात्र अशा कामाला नकोतच.

तिसरा, बायोस कुठलं आहे आणि घरी बदलता येईल का? बायोस म्हणजे बोर्डात मुरलेला त्याचा स्वत:चा प्रोग्रॅम. तो किती महत्त्वाचा, हे दोनदा दिसलं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाले, कारण बोर्डांकडून त्यांच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. एएमडीनं नव्या बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर डळमळू लागले. जास्त व्होल्टेज मागणारी चूक कंपनीनं मान्य केली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, आणि दुरुस्ती ग्राहकांपर्यंत पोचली ती बोर्ड कंपन्यांच्या बायोसमधूनच. म्हणजे बोर्ड घेताना आपण वस्तूबरोबर त्या कंपनीचा पुढच्या काही वर्षांचा शब्दही विकत घेतो. कंपनी जुन्या बोर्डांनाही नवं बायोस देते का, ते बघा. शिवाय दुकानात पडून असलेल्या बोर्डात जुनं बायोस असेल, तर नवा प्रोसेसर लावून मशिन सुरूच होत नाही. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. नुसता पेन ड्राइव्ह लावून, प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतं. ते बटण असलेला बोर्ड घ्या.

चौथा, रॅमच्या पट्ट्या दोन की चार? या दोन्ही प्रोसेसरना डीडीआर५ च लागते, जुन्या मशिनची डीडीआर४ उपयोगाची नाही. चार खाचा दिसल्या की चारही भराव्याशा वाटतात. पण एएमडीच्याच माहितीप्रमाणे ९९५०एक्सवर दोन पट्ट्यांना ५६०० चा वेग मिळतो आणि चार लावल्या तर ३६०० चा. तेव्हा ६४ जीबी हवी असेल, तर १६ च्या चारपेक्षा ३२ च्या दोन बऱ्या. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे भडकले, की आज थोडी आणि पुढे थोडी हा बेतही महागात पडतो.

पाचवा, एक खाच भरली तर दुसरी अडते का? फिल्म करणाऱ्यांना दोन-तीन एसएसडी लागतातच. काही बोर्डांवर दुसरी एसएसडी बसवली, की ग्राफिक्स कार्डाची वाट निम्मी होते. हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं, मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. घरी चहा घेत वाचा आणि मग दुकानात जा.

आता पैशाचं. बाजारात काही बोर्ड लाखाच्याही पुढे जातात. ते आपल्यासाठी नाहीत. त्यावरचे रंगीत दिवे, छोटा पडदा, ड्रॅगनची चित्रं यांनी रेंडर एक सेकंदही लवकर होत नाही. माझं मत विचाराल, तर मधला, वीज नीट पुरवणारा, जाड ठोकळ्यांचा साधा बोर्ड घ्या. दिव्यांचे पैसे वाचतील ते रॅममध्ये आणि चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घाला. पण सगळ्यात खालचा बोर्ड घेऊन वाचलेल्या पैशांत दोन कोअर जास्तीचे, हा सौदा तोट्याचा. तसंच असेल तर बारा कोअर घ्या आणि त्यांना पोटभर वीज द्या.

कुणी म्हणेल, एवढं सगळं आपण का शिकायचं? डॉक्टरकडे जाताना आपण डॉक्टरकी शिकून जातो का? नाही. पण ही गोळी कशाची, जेवणाआधी की नंतर, एवढं विचारतोच ना! तेवढंच इथेही. लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावच्या दुकानात हे प्रश्न विचारून बघा. चांगला दुकानदार खूश होतो, दोन गोष्टी आपणहून सांगतो. "साहेबांना घेऊन या, त्यांना समजावतो" म्हणणारा भेटला, तर शेजारी दुसरं दुकान असतंच.

आणि आणखी एक. नवऱ्याच्या कामाचा कॉम्प्युटर घेतला की घरात त्याला गुंतवणूक म्हणतात. बायकोचा घेतला की "तिची हौस आहे ना, घेऊ या जरा बरासा." हा "जरा बरासा" शेवटी कुठे कापला जातो? जी ओळ कुणी वाचत नाही तिथे, बोर्डावर. प्रोसेसरचं नाव मोठं राहतं, चारचौघांत सांगायला होतं. काम मात्र बोर्डाच्या नळीतूनच यायचं असतं.

तेव्हा मशिन घरी आणताना तीन गोष्टी विसरू नका. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण टाकून देऊ नका. नव्या सॉकेटांच्या नाजूक पिना बोर्डातच असतात आणि वॉरंटीत बोर्ड परत द्यायचा, तर कंपन्या ते झाकण मागतात. बिलावर बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, नुसतं "मदरबोर्ड १ नग" नको. जीएसटी नोंदणी असेल, तर तो नंबरही घाला. आणि बिलावर नाव तुमचं असू द्या. काम तुमचं, रात्री जागणं तुमचं, कमाईही तुमची. मग कागदावर दुसऱ्या कुणाचं नाव कशाला?