लाटांवरचे धैर्य आणि किनाऱ्यावरचे काम

रोगाशी झुंजणाऱ्या माणसाच्या धैर्याचे कौतुक करण्यास समाजाला काही खर्च येत नाही. त्या धैर्यातून उभे राहिलेले काम पुढे चालविण्यास मात्र पैसा, माणसे आणि चिकाटी लागते. म्हणून बहुधा कौतुकावरच भागविले जाते. हवाईच्या रेल सन यांच्या चरित्राचीही हीच गत होण्याचा संभव आहे.

ओआहू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मकाहा येथे त्या १९५० साली जन्मल्या आणि फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्यास लहानपणीच शिकल्या. सर्फिंग हा हवाईचा प्राचीन खेळ. पूर्वी स्त्रिया आणि पुरुष दोघेही तो खेळत. पुढे त्याच्या स्पर्धा भरू लागल्या तेव्हा स्त्रियांच्या वाट्याला फार थोडे आले, आणि रेल सन यांना पुरुषांच्या स्पर्धांत उतरावे लागले. १९७० च्या दशकात ज्या मोजक्या खेळाडूंनी स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धांचा पाया घातला, त्यांत त्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून त्यांनी काम केले आणि १९७६ मध्ये मकाहा येथे मुलांसाठी स्पर्धा सुरू केली.

१९८३ मध्ये, ऐन तिशीत, त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. रोग पुन्हा पुन्हा उलटत असतानाही त्या समुद्रात उतरत राहिल्या. जानेवारी १९९८ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शौर्याची ही कथा पुष्कळदा सांगितली जाते. त्यांनी किनाऱ्यावर केलेले काम मात्र तितकेसे सांगितले जात नाही. वायनाईचा हा किनारा मूळ हवाईयन लोकवस्तीचा आणि बेताच्या मिळकतीचा. हवाईतील इतर स्त्रियांच्या तुलनेने मूळ हवाईयन स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू अधिक आहेत. तेथील कर्करोगविषयक प्रकल्पात समुपदेशक होऊन रेल सन यांनी आपल्याच शेजारणींना तपासणीचे महत्त्व पटविले. परक्या तज्ज्ञाचा उपदेश जेथे पोहोचत नाही, तेथे स्वतः तो रोग भोगणाऱ्या ओळखीच्या बाईचा शब्द पोहोचतो.

शेजारणीच्या या शब्दाला शास्त्राचा आधार आहे काय? मुंबईपुरते उत्तर उपलब्ध आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्येच मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत अशी घट आढळली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही महागड्या यंत्रावाचून इतके साधते, ही गोष्ट गरीब देशाने दुर्लक्षावी अशी खचित नाही.

परंतु यंत्राचा खर्च वाचला म्हणजे माणसाचाही वाचला, असा हिशेब करणे घातक होय. दारोदार फिरणाऱ्या बाईचे श्रम सेवाभावाच्या खाती टाकून तिला तुटपुंज्या मानधनावर राबवावयाचे, आणि तपासणीत गाठ आढळलेल्या स्त्रीला पुढील उपचारासाठी वाऱ्यावर सोडावयाचे, यास बचत म्हणत नाहीत. अशी स्त्री शेवटी रुग्णालयात येते ती रोग बळावल्यावर, आणि तेव्हाचा खर्च तिचे कुटुंब कर्ज काढून भागविते. रेल सन यांच्यासारखी असामान्य स्त्री प्रत्येक वस्तीला लाभणार नाही. रीतसर वेतन घेणारी, शिकविलेली आरोग्यसेविका मात्र प्रत्येक वस्तीला देता येईल. ते सरकारच्या आवाक्यातले आहे आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात झाली पाहिजे.