अब्दुल गेटबाहेरच का?

'तारक मेहता का उल्टा चश्मा' २००८पासून चालू आहे. गोकुळधाम म्हणजे म्हणे छोटा भारत. गुजराती जेठालाल, मराठी भिडे, पंजाबी सोढी, तमिळ अय्यर, सगळ्यांना फ्लॅट, सगळ्यांना संसार. अय्यरच्या रंगावर वर्षानुवर्षं विनोद होतात, पण तो निदान आत राहतो. अब्दुल? त्याचं गेटबाहेर दुकान. त्यानं सोडा द्यायचा आणि सगळ्यांच्या कामाला धावायचं.

अब्दुलला चांगला दाखवलाय, हे खरं. पण चांगुलपणाचं सर्टिफिकेट देऊन दाराबाहेर ठेवणं हा सन्मान नव्हे. १९८६च्या 'नुक्कड'मध्ये कादरभाईचंही हॉटेलच होतं, पण तिथं सगळेच रस्त्यावरचे. गेट कुणालाच नव्हतं.

शहापूर-मुरबाडहून कल्याण-डोंबिवलीत भाड्यानं घर शोधणाऱ्या आपल्या पोरांना हे गेट ओळखीचं आहे. फोनवरचं मराठी ऐकून 'या बघायला' म्हणतात, नाव सांगितलं की 'फ्लॅट गेला'. रोज रात्री टीव्हीवर पाहिलेलं शेवटी लोकांना स्वाभाविकच वाटू लागतं.

आपल्याला मुस्लिम हिरो नकोय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मराठीतून भांडणारी आई, हप्ते मोजणारा बाप आणि दारावर नावाची पाटी, एवढंच हवंय. कुणी लिहील म्हणून थांबू नका. मोबाइल हातात आहे, आपणच लिहू, आपणच शूट करू.