अम्मीचा खांदा

पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात अम्मीला सगळे तिच्या शिवणकामामुळे ओळखतात. अब्बांच्या इंतकालानंतर आमचे घर त्याच मशीनवर चालले. ईदच्या आधी तर रात्री बारापर्यंत मशीनचा आवाज यायचा. "उजवा खांदा फार दुखतो रे," असे ती म्हणायची, तेव्हा आम्ही भावंडे "आराम कर" एवढे सांगून मोकळे व्हायचो. आराम केला तर कपडे कोण शिवणार, याचा विचार आम्ही केला नाही.

अशी दीड वर्षे गेली. तेल चोळून झाले, बाम लावून झाला. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जळजळ सुरू झाली. एका डॉक्टरांनी "वयामुळे होते" म्हणून बोळवण केली. मग एका पहाटे फज्रच्या नमाजला हात उचलताना ती कळवळली. तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी मधुमेह तपासला, हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग मान आणि खांद्याच्या मधला स्नायू चिमटीत धरून दाबला. एका जागी अम्मी ओरडलीच. "हीच कळ वर कानशिलापर्यंत जाते!" डॉक्टर म्हणाले, हाड ठीक आहे, सांधाही मोकळा आहे. स्नायूचा एक पट्टा सतत ताणून कडक झाला आहे, त्यात गाठीसारखी दुखरी जागा तयार झाली आहे. तिला 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. एक्स-रेमध्ये ती दिसत नाही, बोटांनीच शोधावी लागते.

या दुखण्याचा नकाशा डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन बाईंनी अनेक वर्षे खपून तयार केला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनीच उपचार केले आणि 1961 मध्ये त्या व्हाइट हाउसच्या पहिल्या महिला डॉक्टर झाल्या.

इंजेक्शन म्हटल्यावर अम्मी घाबरली. रमजान तोंडावर होता, रोजा तुटेल का ही चिंता वेगळीच. इमामसाहेबांनी समजावले की पोषणासाठी नसलेल्या, स्नायूतल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने 1997 साली हेच म्हटले आहे. तरी अम्मीच्या समाधानासाठी आम्ही इफ्तारनंतरची वेळ घेतली.

बारीक सुई गाठीत गेली, स्नायू एकदम फडफडला, मग बधिर करणारे थोडे औषध सोडले. दोन दिवस जागा ठणकली, नंतर हात हलका झाला. अम्मीला वाटले, झाले काम. पण फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितले, "इंजेक्शनने दार उघडले आहे. आता आत जायचे काम तुमचे."

ते काम असे होते. पंधरा मिनिटे सोसेल असा गरम शेक. मग उजवा हात मांडीखाली दाबून मान डावीकडे कलवायची, वीस-तीस सेकंद थांबायचे, असे तीन वेळा. दोन्ही खांद्यांची पाती मागे ओढून सोडायची, दहा वेळा. काही दिवसांनी रबरी पट्टा ओढण्याचा व्यायाम. शिवाय मशीनजवळचे स्टूल आम्ही उंच केले, कारण खांदे कानाशी चढवून शिवणे हेच दुखण्याचे मूळ होते. दर अर्ध्या तासाने उठायचे, ही अट नात सांभाळते. तीच येऊन मशीनचे चाक धरते!

इंजेक्शन घ्यायचे तर प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच. या जागेखाली फुफ्फुसाचे टोक असते, चुकीची सुई तिथे पोचू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. मधुमेह असेल तर तेही सांगावे, कारण औषधात स्टेरॉइड असल्यास साखर काही दिवस वाढते. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल तर सांधा आखडलेला असू शकतो, मधुमेहींमध्ये हे जास्त आढळते. हाताला मुंग्या, अशक्तपणा किंवा ताप असेल तर थांबू नये. खांदा दुखताना छातीत दडपण आणि घाम आला तर तो हृदयाचा इशारा समजून तडक रुग्णालय गाठावे.

अल्हम्दुलिल्लाह, तीन महिन्यांनी अम्मी नातीची वेणी घालू लागली. खांदा अजून कधी कधी कुरकुरतो, तेव्हा ती गोळी शोधत नाही, व्यायाम करते. आणि आम्ही "आराम कर" म्हणत नाही. कापड कापायला बसतो.

तुमच्या घरातही कुणी खांदा चोळत गप्प बसले असेल. दुआ जरूर करा, पण आज एकदा जवळ बसून विचारा, नेमके कुठे दुखते?