घरचें आरोग्य : सोसणें आणि सांगणें

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रोगी घरीं येतो, तेव्हां सर्वांचें लक्ष त्याच्या पथ्यपाण्याकडे लागतें. ताक द्यावें कीं नाहीं, भात मऊ असावा कीं नुसती पेज, यावर माजघरांत तास तास खल होतो. पण रोग्यास दुखतें किती, आणि त्या दुखण्यावरील औषध तो वेळेवर घेतो कीं नाहीं, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. शस्त्रक्रिया झाली म्हणजे दुखायचेंच, असें आपण गृहीत धरून बसतों. या समजुतीनें आमच्या घरीं काय प्रसंग ओढवला, तो या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचें घर करमाळा तालुक्यांतील जेऊरचें. मामंजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वय ७८. गेल्या मार्गशीर्षांत त्यांच्या मोठ्या आंतड्यांत गांठ आढळली. पुण्यास नेऊन शस्त्रक्रिया झाली. आंतड्याचा वीतभर भाग काढून दोन्ही टोकें जोडण्यांत आलीं. आठव्या दिवशीं त्यांस मोटारीनें घरीं आणलें. निघतांना डॉक्टरांनीं औषधांचा कागद दिला आणि बजावलें, “गोळ्या वेळेवर घ्या, चालते राहा, छातींत कफ सांठूं देऊं नका.” आम्हीं सर्वांनीं माना डोलावल्या.

पहिले दोन दिवस बरे गेले असें आम्हांस वाटलें. मामंजी शांत पडून असत. विचारलें, तर “कांहीं नाहीं, ठीक आहे,” एवढेंच उत्तर. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं अंग तापलें, श्वास वरच्यावर चालूं लागला. खोकला आला कीं ते ओंठ घट्ट मिटून तो आंतल्या आंत जिरवीत. गांवांतील डॉक्टर आले. त्यांनीं छाती ऐकली, जखम पाहिली, पोट हलक्या हातानें चांचपलें, आणि विचारलें, “गोळ्या चालू आहेत ना?” आम्ही “होय” म्हणालों. तेवढ्यांत धाकट्यानें सहज खेळतां खेळतां आजोबांच्या उशाचें चष्म्याचें घर उघडलें. आंत नऊ गोळ्या निघाल्या.

सासूबाईंच्या डोळ्यांस पाणी आलें. मामंजी मात्र निश्चलपणें म्हणाले, “या गोळ्या म्हणजे अफूच कीं नाहीं? एकदां संवय लागली म्हणजे? आणि माणसानें थोडें सोसलें तर बिघडलें काय? गांधीजींनीं काय कमी सोसलें?”

डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. ते खुर्ची ओढून जवळ बसले. “गुरुजी, आपण सोसलेंत म्हणून खोकलां नाहींत. खोकलां नाहींत म्हणून कफ सांठला. पोट दुखेल या भीतीनें पुरता श्वास घेतला नाहींत, म्हणून फुप्फुसांच्या तळापर्यंत हवा पोहोंचली नाहीं. चाललां नाहींत, म्हणून आंतडींही सुस्तावलीं. ही गोळी आपल्या सुखासाठीं दिलेली नाहीं. खोकण्यासाठीं आणि चालण्यासाठीं दिली आहे.” नंतर त्यांनीं त्या नऊ गोळ्या उलटून पाहिल्या. आठ गोळ्या साध्या पॅरासिटॅमॉलच्या होत्या. अफूशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता.

त्याच रात्रीं पुण्याच्या सर्जनांस दूरध्वनीनें सर्व कळविलें, दुसऱ्या दिवशीं छातीचें क्ष-किरण चित्र काढलें, औषध सुरू झालें. पोटांतील जोड शाबूत होता. दुखणें छातीवरच निभावलें. पांच दिवसांनीं ताप उतरला. पण ते पांच दिवस घरांत कोणास धड घांस गोड लागला नाहीं.

गांधीजींचें नांव निघालें म्हणून थोडें सांगतें. ज्या पुण्यांत मामंजींवर शस्त्रक्रिया झाली, तेथेंच शंभर वर्षांमागें गांधीजींवरही पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. ते येरवड्याच्या तुरुंगांत असतांना आंत्रपुच्छाच्या दाहानें आजारी पडले. त्यांस ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें, आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. ती चालू असतांनाच विजेचे दिवे गेले आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें. पेनिसिलिनचा शोधही त्या वेळीं लागलेला नव्हता. ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची मुक्तता केली. मार्च महिन्यांत ते जुहूस समुद्रकांठीं विश्रांतीसाठीं गेले. पाश्चात्य वैद्यकावर ज्यांनीं आयुष्यभर टीका केली, उपवासांत ज्यांनीं देह झिजविला, त्यांनींही त्या रात्रीं संमतिपत्रावर स्वतः सही केली, भूल घेतली, आणि पुढें आठवडेच्या आठवडे शरीरास स्वस्थता दिली. व्रतासाठीं सोसणें निराळें आणि जखम भरून येण्याच्या कामांत आडवें येणारें सोसणें निराळें. मामंजींस हें पटावयास दोन दिवस लागले, पण पटलें.

त्यांची अफूविषयींची शंका मात्र अगदींच निराधार नव्हती. अफूचे दोन गुण आपल्या जुन्या घरांना चांगले ठाऊक होते : ती दुखणें बधिर करते आणि जुलाब थांबविते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सर्टर्नर नांवाच्या जर्मन औषधकारानें अफूंतून मॉर्फिन वेगळें काढलें, आणि वैद्यकास तीव्र वेदनेवरील हुकमी औषध लाभलें. पण गुण दोन्ही राहिले. आंतड्यावर शस्त्रक्रिया झाली कीं तें आधींच दोन-चार दिवस निजून राहतें. त्यावर अफूच्या जातीचें औषध अधिक पडलें, तर तें आणखी निजतें. वारा सरत नाहीं, पोट फुगतें, मळमळतें. म्हणजे ज्या गुणानें अतिसाराच्या रोग्यास उतार पडे, तोच गुण येथें अडथळा होतो.

डेन्मार्कमधील सर्जन हेन्रिक केलेट यांनीं १९९० नंतरच्या दशकांत या सर्व गोष्टींचा एकत्र विचार केला. एकाच जालीम औषधावर भार न टाकतां निरनिराळ्या मार्गांनीं वेदना थोडी थोडी कमी करावी, अफूचा अंश होईल तितका कमी ठेवावा, रोग्यास लवकर उठवावें, लवकर खाऊं घालावें, ही त्यांची पद्धति. आज ती जगभर मान्य झाली आहे. त्यांचे मोठ्या आंतड्याचे कित्येक रोगी दोन-तीन दिवसांत घरीं जाऊं लागले.

आमच्या डॉक्टरांनीं घालून दिलेली रीत अशी. पहिले कांहीं दिवस गोळी घड्याळाच्या कांट्यावर घ्यावी; दुखूं लागण्याची वाट पाहूं नये. भडकलेली वेदना शमविण्यास अधिक औषध लागतें. चालावयाचें किंवा स्नान करावयाचें असेल, तर गोळी त्याच्या अर्धापाऊण तास आधीं यावी अशी वेळ जुळवावी. खोकतांना लहान उशी पोटाशीं दोन्ही हातांनीं धरावी. टांक्यांस आधार मिळतो. दुखणें ओसरूं लागलें म्हणजे अफूच्या जातीचें औषध डॉक्टरांच्या सांगण्यानें आधीं कमी करावें, आणि साधें पॅरासिटॅमॉल सर्वांत शेवटीं सोडावें. थोड्या दिवसांच्या, देखरेखीखालच्या घेण्यानें संवय लागण्याचा धोका थोडा असतो. मनास येईल तसें लांबविल्यानें तो वाढतो. उरलेल्या गोळ्या कुलुपांत असाव्या, आणि काम संपल्यावर घरांत राहूं नयेत.

पॅरासिटॅमॉल साधें खरें, पण त्यासही मर्यादा आहे. धडधाकट प्रौढ माणसास चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल. कृश, वृद्ध, किंवा यकृताचा विकार असलेल्यास त्याहून कमी, तें डॉक्टरांनींच ठरवावें. आमच्या भाऊजींनीं ताप पाहून प्रेमानें सर्दीतापाची एक निराळी गोळी आणली होती. नांव निराळें, वेष्टन निराळें, पण आंत तेंच पॅरासिटॅमॉल. अशा दोन गोळ्या मिळून यकृतावर केव्हां घाला पडेल, हें कळतही नाहीं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या आपल्याकडे गुडघेदुखीसाठीं घरोघर असतात. मूत्रपिंड, जठर आणि आंतड्याचा ताजा जोड यांच्या दृष्टीनें त्या सर्जनांस विचारल्याशिवाय देऊंच नयेत. झोंपेची गोळी अफूच्या औषधाबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो. मलावरोध झाला म्हणून एरंडेल किंवा बस्ति आपल्या मनानें देऊं नये. जाड गोळी कुटून देण्याची आपली संवय. परंतु कांहीं गोळ्या पोटांत सावकाश विरघळाव्या म्हणून मुद्दाम तशा केलेल्या असतात. त्या कुटल्यास दिवसभराचें औषध एकदम अंगांत भिनतें.

खेड्यांतील वाचकांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें मॉर्फिन मिळणें फार जिकिरीचें झालें होतें. २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन रुग्णालयांची वाट कांहींशी सुकर झाली. ट्रॅमाडॉल हें औषधही २०१८ पासून त्याच कायद्याखालीं आलें आहे. तेव्हां अशीं औषधें गांवच्या दुकानांत ऐन वेळीं मिळतीलच असा भरंवसा धरूं नये. शहरांतून निघण्यापूर्वींच तीं किती दिवस लागतील हें विचारून, चिठ्ठीसह बरोबर आणावीं, आणि रात्रीं-अपरात्रीं कोणास विचारावयाचें तो दूरध्वनीचा आंकडाही लिहून घ्यावा.

आतां सर्वांत महत्त्वाचें. दुखणें दिवसेंदिवस उतरलें पाहिजे. उतरत असलेलें दुखणें एकाएकी चढलें, पोट फुगून ताठ झालें, उलट्या होऊं लागल्या, वारा सरेनासा झाला, थंडी वाजून ताप आला, नाडी जलद चालूं लागली, तर गोळी वाढवूं नये. तत्काळ डॉक्टरांस बोलवावें. आंतड्याचा जोड सुटण्याची ती सूचना असूं शकते. पोटरी सुजून दुखूं लागली, धाप लागली, अथवा रोगी हांक मारूनही नीट जागा होईना, तरीही तसेंच करावें. मुकाट्यानें सोसणारा रोगी हीं लक्षणें झांकतो आणि मन मानेल तशा गोळ्या घेणाराही तीं झांकतो. दोघांच्याही घरच्यांस वेळेवर कांहीं कळत नाहीं.

हें कळावें म्हणून आम्हीं एक वही घातली. वेळ, औषध, दुखणें, चालणें, शौच व वारा, ताप, असे सहा रकाने. डॉक्टर दुखण्यास शून्य ते दहा गुण द्यावयास सांगत, मामंजी म्हणाले, “जन्मभर मुलांस गुण दिले, आतां दुखण्यास नाहीं देणार.” मग सासूबाईंनींच तोड काढली. रोज सकाळीं चहाबरोबर त्या विचारीत, “आज दुखणें किती आणे?” पहिल्या दिवशीं उत्तर आलें, “बारा आणे.” जो मनुष्य तीन दिवस “कांहीं नाहीं” म्हणत होता, तो आण्यांत मात्र खरें बोलूं लागला. बारा आण्यांवरून आठ, आठांवरून पांच. मध्यें एक दिवस पुन्हां सात झाले, तेव्हां लगेच विचारतां आलें, आणि आदल्या संध्याकाळचें चालणें अंमळ जास्त झाल्याचें निघालें.

घरांतील कोणावर असा प्रसंग आल्यास वाचकांनीं हीच वही घालावी, आणि ती लिहिण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे असावें. चौघांनीं औषध दिलें कीं एक वेळ चुकते, नाहींतर एक वेळ दोनदां होते. आमची वही चाळीस दिवस चालली. शेवटचें पान मामंजींनीं स्वतः लिहिलें आहे : “सकाळीं ७. औषध नाहीं. दुखणें एक आणा. स्टेशनापर्यंत जाऊन आलों.”