लखोटा उघडा का ठेवावा लागतो?

जाहीर पत्र लिहिणाऱ्यावर आपल्याकडे एक शहाजोग आक्षेप हटकून घेतला जातो : "सांगायचे ते खाजगीत सांगावे, चव्हाट्यावर कशाला?" बंद लखोटा साहेबांच्या मेजावरून केराच्या टोपलीत जातो, तेव्हा त्याला साक्षीदार नसतो. पत्र आलेच नाही, असे म्हणण्याची सोय त्यात असते. ती सोय काढून घेण्यासाठीच लखोटा उघडा ठेवावा लागतो. अशा पत्राच्या माथ्यावर नाव एकाचे असते, पण ते वाचतात सर्व. मग त्या एकाने मौन धरले, तर ते मौन हेच त्याचे उत्तर म्हणून लोक वाचतात.

खाजगीत सांगितल्याचे फळ काय मिळते, हे फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणात दिसले. या निरपराध ज्यू अधिकाऱ्यास १८९४ साली लष्करी न्यायालयाने देशद्रोही ठरवून जन्मभरासाठी एका ओसाड बेटावर धाडले. पुढे १८९६ मध्ये पिकार नामक अधिकाऱ्यास खरा गुन्हेगार एस्टरहाझी असल्याचा पुरावा सापडला. त्याने तो शिस्तीने वरिष्ठांच्या कानी घातला. वरिष्ठांनी काय करावे? पिकारचीच रवानगी ट्युनिशियात केली! एस्टरहाझी तर १८९८ च्या जानेवारीत सन्मानाने सुटला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १३ जानेवारीस, एमिल झोला या कादंबरीकाराने 'लोरोर' या दैनिकात राष्ट्राध्यक्ष फोर यांस उद्देशून पत्र प्रसिद्ध केले. त्यात मोघम काही नव्हते. सेनाधिकाऱ्यांची नावे होती, प्रत्येकावरचा आरोप होता; आणि असे लिहिल्याने आपण अब्रुनुकसानीच्या कायद्यात सापडतो हे जाणूनच लिहीत आहोत, अशी कबुलीही होती. झोलास एक वर्षाची शिक्षा झाली, इंग्लंडात परागंदा व्हावे लागले. ड्रायफस निर्दोष ठरला १९०६ मध्ये. ते पाहावयास झोला हयात नव्हता. परंतु त्या पत्रानंतर फ्रान्समध्ये कोणासही 'आम्हांस ठाऊक नव्हते' असे म्हणता आले नाही.

दूर कशाला जावे? १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुले यांना मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले. जोतीरावांनी ते पत्राने नाकारले आणि ते पत्र 'ज्ञानोदया'त छापून आले. नकार खाजगीत राहता, तर सभेत एक खुर्ची रिकामी दिसली असती, इतकेच. तो छापला गेला म्हणून शूद्रादि अतिशूद्रांच्या दुःखाशी या ग्रंथकारांचा संबंध काय, हा प्रश्न महाराष्ट्रापुढे उभा राहिला. तो अजूनही पुरता मिटलेला नाही.

दुसरा आक्षेप 'वेळ योग्य नाही' हा. १९६३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरी आठ गोऱ्या धर्मोपदेशकांनी निग्रोंच्या निदर्शनांस नेमका हाच उपदेश जाहीरपणे केला. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा तेथील तुरुंगात होते. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर त्यांनी उत्तर लिहावयास घेतले. त्याचा मथितार्थ असा, की ज्याला अन्याय सोसावा लागत नाही त्याला वेळ कधीच योग्य वाटत नाही.

म्हणून प्रत्येक छापील तक्रारीस आम्ही जाहीर पत्र म्हणणार नाही. रात्रीच्या अंधारात भिंतीवर डकवलेले निनावी पत्रक हे जाहीर पत्र नव्हे, ती चहाडी होय. शिव्यांची लाखोली हेही पत्र नव्हे. आणि 'संबंधितांनी लक्ष घालावे' असा शेवट करणारे पत्र तर लिहिलेच नाही असे समजावे. 'संबंधित' नावाचा इसम आजवर कोणास भेटला आहे काय? आरोप कोणावर, आधार कोणता, मागणी काय आणि लिहिणारा कोण, या चार गोष्टी ज्यात स्वच्छ आहेत तेच खरे जाहीर पत्र.

यांतली चौथी गोष्ट सर्वांत महाग पडते. गावच्या पाण्याविषयी, शाळेविषयी, कचेरीतल्या लाचेविषयी कोणी पत्र लिहिले, की कट्ट्यावर त्याची वाहवा करणारे पुष्कळ भेटतात. तेच पत्र सहीसाठी पुढे केले, की एकाला मुलाची नोकरी आठवते, दुसऱ्याला दुकानाचा परवाना, तिसऱ्याचा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो! या भीतीला आधार नाही असे आम्ही म्हणत नाही; मुलाची नोकरी ही खरीच गोष्ट आहे. परंतु एका सहीच्या माणसास गाठता येते, पाचशे सह्यांच्या गावास गाठणे जड जाते, एवढा साधा हिशेब तरी सुज्ञांनी मांडावा. वाहवा करणाऱ्यांनो, पत्र चांगले लिहिले आहे हे सांगण्यासाठी येऊ नका. वाचून पटले असेल, तर खाली आपले नाव लिहा.