मुलांना धोक्यापासून लांब ठेवायचे, की धोका ओळखायला शिकवायचे?



आज एक साधा प्रश्न विचारते. मूल आंब्याच्या झाडावर चढले की आपण खालून ओरडतो, "उतर आधी, हातपाय मोडशील!" तेच मूल आठवी-नववीत गेले की क्लासला उशीर होतो म्हणून स्कूटरची चावी आपणच त्याच्या हातात ठेवतो. मागे धाकटी बहीण, पुढे दप्तर आणि डोक्यावर काहीच नाही. आता सांगा, या दोन्हींत जास्त धोक्याचे काय?

हा विषय डोक्यात आला तो चौथीच्या वह्या तपासताना. 'माझा छंद' हा निबंध आपण सगळेच देतो आणि काय वाचायला मिळणार हेही आपल्याला माहीत असते. चित्रकला, वाचन, क्रिकेट, बागकाम. पाठ केलेला निबंध दोन ओळींत ओळखू येतो. एका मुलीने मात्र लिहिले होते की, तिच्या घरी सगळ्यांना माळावर मोटारसायकल चालवायचा छंद आहे. तिचे एक वाक्य असे होते : "पडल्यावर आधी इंजिन बंद करायचे, मग रडायचे."

मी त्या वाक्याखाली लाल पेनने रेघ मारली. चूक म्हणून नाही, आवडले म्हणून!

एका कुटुंबाचा रविवार

पुढे पालकसभेत तिच्या आईवडिलांशी निवांत बोलणे झाले. घरात चौघे जण. आई, बाबा, सातवीतला दादा आणि ही. रविवारी सकाळी हे कुटुंब स्वतःच्याच पडीक रानात जाते. तिथे मुरुमाचे उंचवटे, वळणे आणि उतार करून ठेवलेले आहेत. आईसुद्धा गाडी चालवते. मुलांच्या गाड्या त्यांच्या उंचीच्या आहेत, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात. ॲक्सिलरेटर ठरावीक मर्यादेपलीकडे फिरू नये म्हणून त्याला स्क्रू बसवलेला असतो. मनगटाला एक दोरी असते. मूल गाडीवरून पडले की दोरी सुटते आणि इंजिन आपोआप बंद होते.

अंगावर हेल्मेट, गॉगल, छातीचे कवच, कोपर-गुडघ्यांचे गार्ड, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट. यातली एक वस्तू जरी घरी विसरली, तरी त्या दिवशी गाडी चालवायची नाही. हा नियम बाबांनाही लागू! एकदा बाबाच हातमोजे विसरले, तर मुलांनी त्यांना दिवसभर झाडाखाली बसवून ठेवले म्हणे.

सभेतल्या काही पालकांनी नाक मुरडले. "एवढ्याशा पोरीला गाडी? काही झाले म्हणजे?" काळजी रास्तच आहे. पण सभा संपल्यावर त्यांतलेच दोघे जण तीन-तीन मुलांना स्कूटरवर बसवून घरी गेले. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नव्हते. माझे म्हणणे नेमके इथेच आहे. त्या मुलीच्या घरी धोका सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याची तयारी आहे. आपल्याला रोजच्या रस्त्याची इतकी सवय झाली आहे की तो धोका दिसतच नाही.

हा खेळ शिकवतो तरी काय?

कच्च्या वाटेवर गाडी चालवायची म्हणजे नुसते जोरात जाणे नव्हे. उलट पहिला धडा सावकाश जाण्याचा असतो. खडबडीत जागी फूटरेस्टवर उभे राहायचे, गुडघे किंचित वाकवायचे, म्हणजे धक्के पाय सोसतात. उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही, गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावरच तिचा वेग आवरायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, नजर खड्ड्यावर नाही, जिथे जायचे आहे तिथे ठेवायची. खड्ड्याकडे बघत राहिले की गाडी खड्ड्यातच जाते. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांना गणिताच्या पेपराआधी हेच सांगावेसे वाटते, नाही का?

शर्यतीच्या ट्रॅकवर झेंड्यांची भाषा असते. पिवळा झेंडा हलला की पुढे कोणीतरी पडले आहे किंवा अडथळा आहे. वेग कमी करायचा, उडी मारायची नाही, कोणाला मागे टाकायचे नाही. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान स्वार येतोय, त्याला वाट द्या. पहिला नंबर हातात येत असतानाही पिवळा झेंडा पाहून वेग कमी करणे, हा मूल्यशिक्षणाचा केवढा मोठा तास आहे!

बेल्जियममधल्या एव्हर्ट्स घराण्यात हा खेळ तीन पिढ्या चालला आहे. आजोबा हॅरी चार वेळा मोटोक्रॉसचे जगज्जेते, मुलगा स्टीफन तब्बल दहा वेळा, आणि आता नातू लियाम मैदानात आहे. आपल्याकडे कुंभाराच्या किंवा सुताराच्या घरात मूल बघता बघता शिकते, तसेच हे. शिकवणाराच घरातला असला की रोज थोडे थोडे शिकता येते आणि चूक तिथल्या तिथे सुधारते.

आपल्या देशातही हा खेळ आता परका राहिलेला नाही. बंगळुरूचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. बंगळुरूच्याच ऐश्वर्या पिस्से २०१९ मध्ये बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटात विजेत्या ठरल्या. केरळचा हरिथ नोआ २०२४ च्या डकारमध्ये रॅली-२ या गटात पहिला आला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. हेच संतोष २०२१ च्या डकारमध्ये पडून गंभीर जखमी झाले. ऐश्वर्या यांनाही विश्वविजेत्या होण्याआधीच्या वर्षी स्पेनमधल्या शर्यतीत मोठी दुखापत झाली होती. उत्तम साहित्य आणि उत्तम तयारी असूनही धोका शून्य होत नाही, फक्त कमी होतो. हे मुलांपासून लपवू नका. हेल्मेट घातले म्हणजे काही होणार नाही असे समजणारे मूल जास्त धोक्यात असते.

आपल्याला हे नवीन आहे का?

मुळीच नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत मुले विहिरीत पोहायला शिकली. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधलेला, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या काकाच्या हातात. काही दिवसांनी भोपळा सुटायचा, मग दोर सुटायचा. शेवटी काका नुसताच काठावर बसायचा. धोका होता, पण टप्प्याटप्प्याने होता आणि जबाबदार माणूस जवळ होता. मल्लखांबाचेही तसेच. पहिल्याच दिवशी कोणी टोकावर चढवत नाही.

मनगटाच्या दोरीत आणि कमरेच्या दोरात मला तरी फरक दिसत नाही. आज आपण मुलांची विहीर बंद केली, झाड बंद केले, पण गाडी मात्र दोराशिवायच देऊन टाकली.

कायदा काय सांगतो?

पालकहो, हे नीट वाचा. सर्वसाधारण स्कूटर किंवा मोटारसायकल सार्वजनिक रस्त्यावर चालवायला १८ वर्षे पूर्ण हवीत आणि परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे, मग तो मागे का बसलेला असेना. चार वर्षांखालील बाळासाठी हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षापट्टा हवा, आणि बाळ सोबत असताना गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको.

म्हणजे त्या मुलीचा छंद तिच्या रानातच शोभतो. गावच्या रस्त्यावर ती गाडी आणायची नाही, हे तिला पक्के माहीत आहे. तिच्या दादालाही!

"हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले!"

असे तुम्ही म्हणाल, आणि खरे आहे ते. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांना हा खर्च झेपणार नाही. पण मी गाडी विकत घ्या असे सांगतच नाही. सायकल, पोहणे, गड चढणे, सूरपारंब्या, यांतले काहीही चालेल. घ्यायची आहे ती पद्धत. आधी साहित्य तपासायचे, मोठ्यांनी सोबत करायची, पायरीपायरीने जायचे आणि नियम सगळ्यांना सारखा ठेवायचा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, छंद मुलाचा हवा, बाबांच्या रीलसाठी नको. मूल "आज नको" म्हणाले, तर त्याला भित्रा म्हणू नका. नको म्हणता येणे हीसुद्धा धोका ओळखण्याची खूण आहे. दुसरी, वाट सोडून रानात गाड्या घालू नका. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. अशा सड्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो. एका चाकोरीने तिथली फुले कायमची जाऊ शकतात.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रांनो, एक उपक्रम सुचवते. खर्च शून्य. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. मैदानावर टेपने ११ मीटर मोजून चुन्याची रेघ मारा. कुत्रे आडवे आल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी इथपर्यंत आलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच! मग ताशी ६० साठी जवळपास १७ मीटरवर दुसरी रेघ मारा. मुलांना त्या रेघांवर उभे करा. मोठ्या वर्गांना हेही सांगा की वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. गणित, विज्ञान आणि सुरक्षा, तिन्ही एकाच तासात.

आणि त्या दिवशी गृहपाठ मुलांना देऊ नका, पालकांना द्या : उद्या शाळेत सोडायला येताना स्वतः हेल्मेट घालून या आणि मुलासाठीही आणा. कोण कोण आणतो, ते मुलेच मोजतील. मुलांची नजर फार तीक्ष्ण असते, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.