काम आहे, पद नाही

संपादक महोदय,


आपल्या करिअर पुरवणीत पर्यावरणशास्त्राच्या पदवीधरांसाठी खुल्या असलेल्या वाटांची यादी वाचली. प्रदूषण नियंत्रण मंडळ, वनखाते, संशोधन, स्वयंसेवी संस्था, सल्लागार कंपन्या, पत्रकारिता. यादीत चूक काही नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी 26 वर्षे हा विषय शिकवला आणि दर जूनमध्ये प्रवेशाला आलेले आईवडील जे विचारत, त्याचे उत्तर या यादीत नाही. ते विचारत, “मॅडम, यातनं नोकरी लागते का?”

अनुभवावरून माझे उत्तर असे. या पदवीचे काम महाराष्ट्रात भरपूर आहे. ते कायद्यानेच निर्माण केले आहे आणि कागदोपत्री दरवर्षी पारही पडते. मात्र त्या कामासाठी पद नाही. म्हणून ते भलत्याच कोणाच्या तरी गळ्यात पडते आणि उरकले जाते.

पहिले उदाहरण महापालिकांचे. मुंबईचा कायदा वेगळा आहे; बाकीच्या 28 महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 67अ लागू होते. त्यानुसार आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभेपुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, कचरा, आवाज, झाडे, वाहने असे सगळे त्यात येते. म्हणजे शहराची ही वार्षिक तब्येत तपासणीच. पण ती करतो कोण? बहुतेक ठिकाणी निविदा निघते, एखादी संस्था काही महिन्यांसाठी येते, निरनिराळ्या खात्यांकडून आकडे गोळा करते, अहवाल देते आणि निघून जाते. पुढच्या वर्षी दुसरी संस्था. जयंती नाल्याचे पाणी मार्चमध्ये कसे असते आणि पहिल्या पावसानंतर पंचगंगेत काय घेऊन जाते, हे सलग दहा वर्षे पाहिलेला माणूस पालिकेच्या पगारावर असेल, तर अहवालाला अर्थ येईल. काही मोठ्या पालिकांत पर्यावरण विभाग आहे, पण तिथेही कार्यभार बहुधा एखाद्या अभियंत्याकडे, त्याची मूळची कामे सांभाळून दिलेला असतो. त्या अभियंत्याला मी दोष देत नाही. त्याच्यावर हे लादलेले आहे.

दुसरे उदाहरण खेड्यांचे आणि मला सर्वांत जास्त लागलेले. जैवविविधता कायदा 2002 चा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी त्यातली व्यवस्था. गावातली झाडे, पिकांची जुनी वाणे, औषधी वनस्पती, मासे, पक्षी आणि त्यांच्याविषयी गावकऱ्यांना असलेली माहिती, हे सगळे गावाने स्वतः नोंदवायचे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना रुजवली, ती गावाचे ज्ञान गावाच्या नावावर राहावे म्हणून. पुढे बरीच वर्षे फारसे काही घडले नाही. ऑगस्ट 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बजावले की 31 जानेवारी 2020 पर्यंत काम पूर्ण करा, नाहीतर राज्याने दरमहा 10 लाख रुपये भरावेत. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती. मग जी धावपळ झाली, ती मी जवळून पाहिली. माझे काही माजी विद्यार्थी एका वहीमागे ठरलेल्या रकमेवर हे काम करत होते. दोन दिवसांत एक गाव. सुगीच्या दिवसांत गावात बोलायला माणूस सापडत नसे, पावसाळी रानभाज्या हिवाळ्यात दिसत नसत. एका मुलाने मला सांगितले, “मॅडम, शेजारच्या गावाचीच पक्ष्यांची यादी इकडे उतरवली. वेळच नव्हता.” त्याचा आवाज पडलेला होता. हे वर्षभराचे काम, चारही ऋतू पाहून करायचे काम. प्रत्येक तालुक्याला एक प्रशिक्षित माणूस कायम नेमला असता, तर राज्यभरात साडेतीनशेच्या आसपास पदे लागली असती आणि या वह्या आजही वाढत असत्या.

तिसरे उदाहरण ऐकून अनेकांना धक्का बसतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वनसेवा परीक्षेला बसायचे तर पदवीला ठरावीक विषयांपैकी एक असावा लागतो किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांपैकी एखादी पदवी. त्या विषयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र आहे, पशुवैद्यक आहे, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्रही आहे. पर्यावरणशास्त्र नाही. गणिताचा पदवीधर वनाधिकारी होऊ शकतो. निव्वळ पर्यावरणशास्त्र घेतलेल्या मुलीला मात्र अर्जच करता येत नाही. गणितवाल्यांना जरूर येऊ द्यावे. पण याच विषयाची नेट परीक्षा सरकार घेते, 2021 पासून गेटमध्येही त्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. मग वनसेवेच्या दारात तो विषय अपात्र कसा?

शिक्षकाच्या नोकरीचीही तीच गत. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले, 2003 मध्ये पुन्हा बजावले. त्यामुळे पदवीच्या प्रत्येक मुलाला हा विषय असतो. मी पाहिलेल्या बहुतेक महाविद्यालयांत तो शिकवतो कोण, तर ज्याचा वर्कलोड कमी पडतो तो. नेट झालेले आमचे विद्यार्थी तासिका तत्त्वावर, दुसऱ्याच तालुक्यात.

यावर म्हटले जाते, सरकारी पदांची वाट कशाला बघायची, खासगी क्षेत्रात संधी आहेत. आहेत, मान्य. ‘सेबी’ने 2022-23 पासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या 1000 कंपन्यांना पर्यावरणाचा व सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल बंधनकारक केला. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम काढले. नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षक कारखाने तपासू शकतील. ही वाट नवी आहे आणि आत्ता शिकणाऱ्या मुलांनी तिच्याकडे नीट लक्ष द्यावे. पण खासगी क्षेत्राला हे काम हवे असते ते कायद्याचा धाक असतो तोवरच. आणि धाक ठेवणाऱ्या यंत्रणेचे काय? राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असल्याचे केंद्रीय मंडळानेच 2024 मध्ये हरित लवादापुढे मांडले. तपासायला माणूस नसेल, तर कारखानदार चांगला पगार देऊन पर्यावरण अधिकारी कशाला ठेवील?

माझी एक विद्यार्थिनी एम. एस्सी.ला पहिल्या वर्गात आली. एका खासगी प्रयोगशाळेत महिना 12 हजारांवर लागली. उन्हातान्हात कारखान्यांच्या चिमण्यांवर चढून नमुने घ्यायची, सांडपाण्याचे डबे मोटारसायकलवरून आणायची. अहवालावर सही दुसऱ्याची. दोन वर्षांनी तिने बँकेची परीक्षा दिली. आज ती क्लार्क आहे आणि सुखात आहे. पण नदीचे पाणी हुंगून त्यात काय मिसळले असेल याचा अंदाज बांधणारी ती मुलगी या क्षेत्राने गमावली, याचे मला आजही वाईट वाटते.

दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. ओझोनच्या थरावर आम्ही पाने भरून उत्तरे लिहून घेतली, पण पाण्यातला विरघळलेला प्राणवायू स्वतः मोजायला, उपग्रहाच्या नकाशावर गावाचे पाणलोट आखायला, मंडळाने कारखान्याला दिलेले संमतिपत्र अट न् अट वाचायला शिकवले ते मोजक्याच मुलांना. विद्यार्थ्यांनो, तीन वर्षांत यातले एक तरी कौशल्य हाताला पक्के बसवा आणि कायदा मुळातून वाचा. मुलाखतीत नुसती निसर्गाची आवड सांगून कोणी घेत नाही, हे मी तुमच्या हितासाठी सांगते.

राज्य सरकारने प्रत्येक महापालिकेत आणि नगरपरिषदेत पर्यावरण अधिकाऱ्याचे स्वतंत्र पद मंजूर करावे आणि त्याच्या पात्रतेत पर्यावरणशास्त्र हा शब्द स्पष्ट लिहावा. वनसेवेच्या विषयांच्या यादीत भर घालावी म्हणून राज्यातल्या खासदारांनी केंद्राकडे आग्रह धरावा. आणि शहरात राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती: येत्या 31 जुलैनंतर आपल्या महापालिकेचा पर्यावरण अहवाल मागून घ्या, तो कोणी तयार केला ते पाहा आणि आपल्या नगरसेवकाला विचारा, हे काम करणारा माणूस पालिकेच्या पगारावर का नाही?

आपली,
पर्यावरणशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
कोल्हापूर